कातळवेढ्याच्या वळणावरचा क्लीनर

ऐका. पण आधी त्या काकवीच्या वाटीतली बोटं बाहेर काढा. चिकट हातानं भुताची गोष्ट ऐकली की भूत हाताला चिकटतं, मग धुऊन निघत नाही. हसताय? हसा, हसा. हिंदुराव, तू जरा कमी हस. तुला घरी जाताना ओढा लागतो.

तर तायाप्पा कोळेकर अंधार पडल्यावर निघाला. एकटाच. ट्रकभर गुळाच्या ढेपा, वर ताडपत्री, आणि वाट कोणती धरली? कातळवेढ्याचा जुना घाट! नवा रस्ता झाल्यापासून त्या घाटात म्हसरंसुद्धा जात नाहीत. अन् हा पठ्ठ्या भरल्या गाडीनं निघाला.

का निघाला ते ऐका. तायाप्पा हुसेनचाचांच्या गाडीवर क्लीनर होता. पोरवयात लागला. गाडी धू, काच पूस, चाकांवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून हवा बघ, घाटात गाडी थांबली की पळत जाऊन चाकामागं दगड लाव. मिशा फुटल्या तसं चाचांनी त्याला स्टेअरिंगला बसवलं. शिकवताना चाचांच्या तोंडी एकच नाव, गाढव. "गाढवा, क्लच सोड." "गाढवा, गिअर काय तुझ्या सासऱ्याचा हात आहे का ओढायला?" पण शिकवलं मात्र जीव तोडून. जड गाडीचं लायसन निघालं. आता तायाप्पाला एकच ध्यास, आपली स्वतःची गाडी. दुसऱ्याच्या गाडीवर जन्म नाही काढायचा. खालच्या बंदरपेठेतले एक शेठ म्हणाले, "एक खेप एकट्याच्या जबाबदारीवर आण. उजाडायच्या आत माल पेठेत लागला, तर वर्षभर माझा माल तुझ्याच गाडीला." म्हणजे बघा, ही खेप साधली तर त्या भरवशावर गाडी घेऊन तायाप्पा मालक. हुकली तर परत फडकं घे आणि काच पूस.

चाचांनी आपली गाडी दिली. संगं नाम्या नावाचा क्लीनर दिला. आणि नाम्यानं काय करावं? दुपारी उसाचा रस ढोसला आणि संध्याकाळपासून टमरेल घेऊन शेतात! वाट बघण्यात अंधार पडला.

चाचा म्हणाले, "क्लीनर नाही तर गाडी नाही. सकाळी जा."

"सकाळी गेलो तर शेठ दारात उभं करील का?"

"गाढवा, गाडी मागं घ्यायची वेळ आली तर? मागं काय तुझी आजी उभी राहणार?"

चाचा नमाजाला वळले आणि ह्यानं गाडी चालू केली. उशीर झाला होता, म्हणून जवळची वाट. जवळची वाट म्हणजे जुना घाट. कळलं?

घाटमाथ्यावर त्यानं गाडी उभी केली. म्हटलं, उतरायच्या आधी जरा इंजीन निवू दे. वारा नाही. रातकिडा नाही. आणि मागून आवाज आला. ठक्. मग पुढच्या चाकावर, ठक्. मग पलीकडं, ठक्... ठक्... कुणीतरी टॉमी मारून चाकांची हवा बघत होतं!

तायाप्पा खूश! त्याला वाटलं, नाम्याच आला, ताडपत्रीवर झोपला असणार. "नाम्या? बरं वाटलं का रं?"

 उतरून बघितलं. कोणी नाही. टॉमी केबिनमध्ये सीटखाली, जिथल्या तिथं.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? हिंदुराव, तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे, पण इथं बायामाणसं बसलीत. तायाप्पानं तंबाखू मळली, म्हणाला, पत्रा गार होताना वाजतो. आणि गाडी उताराला लावली.

दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याच्या आधी गाडीच्या अंगावर मागून थापा. धप् धप्! क्लीनरच्या दोन थापा म्हणजे थांब. अहो, डोक्याला कळायच्या आधी पायाला कळतं. पाय ब्रेकवर! गाडी थांबली. दिव्याच्या उजेडात बघतो तर पुढं दरड. मोठा धोंडा रस्त्यात बसलेला. दोन हात पुढं गेला असता तर खेळ खलास.

कडेनं गाडी काढली. पुढं परत धप् धप्! परत थांबला. पुढं रस्त्याची कडाच ढासळलेली.

आता सांगा मला. भूत म्हणावं, तर जीव वाचवतंय! तायाप्पाच्या अंगावर काटा होता, खोटं कशाला बोलू. पण पोटात कुठंतरी बरंही वाटत होतं. मागं कोणीतरी आहे. आपली गाडी बघतंय. त्यानं खिडकीतून तोंड काढून म्हटलंसुद्धा, "कोण असशील तो अस बाबा, एवढा घाट उतरव." असं म्हणू नये. कधी म्हणू नये! रात्री घाटात ज्याला तुम्ही संगं घेता, तो राहतो.

मग आलं ते वळण. जुन्या ड्रायव्हरांना विचारा, कातळवेढ्याचं वळण एका दमात बसत नाही. भरलेली गाडी एकदा मागं घ्यावीच लागते. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि क्लीनर मागं उभा राहून ओरडतो, तसं ड्रायव्हरनं यायचं. आरशात काही दिसत नाही. सगळा भरवसा त्या आवाजावर.

तायाप्पानं गाडी कातळाला भिडवली, मागचा गिअर टाकला. आणि आवाज आला.

"येऊ द्या..."

गोड आवाज हो! तरण्या पोराचा. "येऊ द्या... येऊ द्या... जागा हाय... येऊ द्या..."

तायाप्पा येऊ देत गेला. गाडी मागं, मागं. आवाज मागं, मागं. "हळू येऊ द्या... डावीकडं घ्या... येऊ द्या..."

आणि तायाप्पाच्या छातीत एकदम गार पडलं. अरे, हा रस्ता रुंद तो केवढा! गाडी आली ती केवढी! आणि हा बाबा अजून तेवढ्याच अंतरावरून ओरडतोय. म्हणजे हा मागं मागं चाललाय.

मग हा उभा कुठं आहे?

त्यानं ब्रेक मारला. धाडकन मागचं चाक खाली बसलं! कठड्याचे दगड घरंगळले. ताडपत्री फाटली, गुळाच्या ढेपा दरीत निघाल्या. एक पडली, दुसरी पडली. पण खाली आपटल्याचा आवाज? नाही आला. बसा ऐकत.

इंजीन बंद पडलं. त्यानं गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. पण पाय जरा सैल केला की गाडी करकरत मागं सरकायची. चाकामागं दगड पाहिजे. दगड कोण लावणार? पाय उचलला तर गाडी जाते, उडी मारावी तर दार दरीच्या अंगाला. पलीकडच्या दारापर्यंत जायलाही पाय उचलायलाच हवा!

तेवढ्यात खिडकीखाली हळूच कोणी बोललं, "उस्ताद, दगड लावू का?"

उस्ताद! आजवर त्याला कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. कानाला किती वर्षांची भूक होती त्या हाकेची. आणि हाक मारली ती कुणी?

"तू... तू उभा कुठं आहेस?"

"हितंच की, उस्ताद. तुमच्या मागं. पाय दुखला असंल. उचला पाय, मी लावतो दगड."

रात्रभर हेच चाललं. "उचला पाय, उस्ताद." मग जरा गप्प. मग परत. पायाला मुंग्या आल्या, मग कळ आली, मग पाय आहे का नाही तेच कळेना. पहाटेच्या सुमाराला वळणावर उजेड दिसला. गाडीचा हॉर्न! आणि हुसेनचाचांचा आवाज, "तायाप्पा, बाळा, आलो मी. उतर बाळा, उचल पाय."

तायाप्पाला रडू फुटलं. पाय सुटणारच होता. पण बाळा? चाचा आणि बाळा? त्यानं दोन्ही हातांनी आपली मांडी दाबून धरली. ब्रेकवर. तसा उजेड फुंकर मारल्यागत विझला.

खरं उजाडलं तेव्हा कुणीतरी वरून शिव्या देत पळत येत होतं. "गाढवा! आंधळ्या! माझी गाडी कुठं नेऊन घातलीस? खबरदार पाय हलवलास तर!" आणि मागच्या चाकांना धपाधप दगड लागले. अहो, लोकांना आशीर्वाद ऐकून रडू येतं, हा शिव्या ऐकून हमसून रडला.

चाचांनी त्याला ओढून बाहेर काढलं. सगळं ऐकलं.  मग म्हणाले, "जुना क्लीनर आहे तो. ह्याच वळणावर मागं उभा राहून गाडी मागं घेववत होता. 'बस' म्हणायच्या आतच पाय घसरला अन् गेला. तो शब्द त्याच्या तोंडातच राहिला. तवापासून येऊ द्या, येऊ द्या. पुढचं त्याला येतच नाही."

माल अर्धा दरीत, अर्धा उन्हात. शेठनं दुसरा माणूस बघितला. पुढं पुष्कळ दिवसांनी तायाप्पानं गाडी घेतली, स्वतःची, नवी कोरी. नाही कोण म्हणतो? पण एकदाही तिच्या स्टेअरिंगला बसला नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला आणि हा मालक मागच्या फाळक्याला लटकून फिरतो. गाडी मागं घ्यायची म्हटलं की उडी मारून उभा राहतो आणि खच्चून ओरडतो, "बस! बस! बस!" गाडी अजून हललेलीसुद्धा नसते. पोरं हसतात. तो हसत नाही. सारखं मागं वळून बघतो, आपण उभे कुठं आहोत ते.

म्हणून सांगतो, कातळवेढ्याची वाट धरू नका. दिवसा नाही, रात्री नाही, नवा रस्ता बंद असला तरी नाही. घरी उशिरा पोचा, पण पोचा.

चला, उठा आता. गुळाचं चुलवाण विझायला आलं. हिंदुराव, तुझा ट्रॅक्टर त्या विहिरीच्या कडेनं मागं घ्यावा लागंल ना? बस तू खुशाल.

मी राहतो की मागं उभा.