जूलीच्या परीक्षेत माझी दाद

जूलीला नोकरी कशी लागली ते तुम्हाला सांगितलंच नाही की! जूली म्हणजे इथे कॅनडात, किचनरला आमच्या बेसमेंटमध्ये राहते ना, ती अमेरिकन मुलगी. माणसाएवढ्या व्हायोलिनसारखा तो चेलो वाजवते. तिकडचा तिचा ऑर्केस्ट्रा बंद पडला. इथल्या ऑर्केस्ट्राच्या परीक्षेत जागा मिळाली नाही, तर ती वाजवणंच सोडणार होती. रोज संध्याकाळी ती खाली वाजवायची आणि मी जिन्यात बसून दाद द्यायची.

परीक्षेच्या दिवशी म्हणाली, "आजी, प्लीज चल. आय ॲम सो नर्व्हस!"

गेले. तिथे वाजवणारा पडद्यामागे, परीक्षक पुढे. कोण वाजवतंय ते कळू नये म्हणून बूटसुद्धा काढायचे, आणि बोलायचं तर अजिबात नाही. तिच्या पिशव्या सांभाळायला म्हणून मला आत सोडलं. सुरुवातीला पोरीचा सूर अडखळत होता. पण मग तिनं एक सूर असा काही लांबवला, की माझ्या तोंडून निघालंच, "वाऽ! क्या बात है!"

जूली आधीच गोरी, ती आणखी पांढरी पडली. तेवढ्यात पडद्यापलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "प्लीज, उमेदवारानं स्वतःचं कौतुक करू नये!"

जूलीला हसूच फुटलं. भीती पळाली, आणि मग बयेनं असं वाजवलं, की जागा तिलाच मिळाली!

आता दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत माझी खुर्ची असते. फक्त सुरू व्हायच्या आधी जूली स्वतः येऊन माझ्या तोंडात खडीसाखर कोंबून जाते.