दामदुप्पटीचं नाटक

...अन् मंग मीच काहून करू खुशालरावचं काम? तुमीच सांगा! साऱ्या अमरावतीत दुसरा गडी नोहता? पन नाई, आमच्या गनपती मंडळाले मीच पाह्यजे! तुमाले सांगतो, हा खुशालराव अकोल्याचा. वर्षात पैसे डबल करतो म्हनून आमच्या आळीचे पैसे घेऊन पयाला, अन् लोकं म्हनतात मी त्याचा एजंट! छट्! नुसता संगं फिरत होतो. एक नया पैसा खाल्ला नाई मी, शप्पथ!

मंग फिरत काहून होतो? अहो, साऱ्या आळीत मी वामन्या! बायकोसुद्धा माघारी तेच म्हने. अन् हा मानूस चारचौघात म्हने, "या वामनराव, बसा वामनराव!" खुर्ची देये, च्या पाजे... भुललो ना बाप्पा! घरोघरी घेऊन गेलो त्याले. तो नुसता हासे, बोलाचं काम माह्यावर. च्या पेलो, नाई म्हनत नाई. पन पैसा? एक नया पैसा खाल्ला नाई!

खुशालराव गेला जेलात, पैसे गेले कुठं देव जाने. औंदा महादेवराव मास्तरानं त्याच्यावर नाटक लिवलं. कसं लिवलं? घरोघरी जाऊन इचारलं, "पैसे मांगताना काय काय बोलनं झालं ते सांगा बरं!" लोकायनं सांगितलं, मास्तरानं उतरवलं, अन् सारं टाकलं खुशालरावच्या तोंडी. मी वाचतो त काय... "माय, मले तुमचा लेकच समजा!" हे खुशालराव कधी बोल्ला? हे त मी बोल्लो, गोदाबाईच्या ओसरीवर! "म्हैस आटते माय, पैसा आटत नाई!" हेही माह्यंच! पानामागून पान, सारं माह्यंच! अन् मास्तराले सांगताना माह्यं नाव एकानंही घेतलं नोहतं हो, गोदाबाईनंसुद्धा नाई! त्या बोलन्यावर म्हातारीनं म्हैस इकून दोनशे देल्ले, आता लोकायची भांडी घासते. रस्त्यात दिसली का मी गल्ली बदलतो, इतकी लाज वाटते.

मास्तर म्हने, "वामन, दोन दिवसांत पाठ? कमाल हाय लेका!" आता काय सांगू मास्तराले?

नाटक असं रंगलं का काही इचारू नका! लोकं शिव्या देऊन राहिले... मले नाई हो, खुशालरावले! अन् पयल्या रांगेत कोन? गोदाबाई! मी "लेकच समजा" म्हनलं अन् म्हातारी उठली, पदराची गाठ सोडत सोडत थेट स्टेजवर! मायकवर पुकारा झाला, "गोदाबाईकडून वामनरावले एक रुपया बक्षीस!" टाळ्याच टाळ्या! म्हातारीनं रुपया माह्या हातात ठेवला अन् हळूच बोल्ली, "घे बाप्पा. तवाही असाच बोल्ला होता तू. एक शब्द नाई चुकला."

मी हात जोडले, नको माय म्हनलं, पन सारा मांडव टाळ्या वाजवून राहिला... ठेवला खिशात. काय करता!

आता कोन्या तोंडानं सांगू, एक नया पैसा खाल्ला नाई म्हनून?