इंजिनाला बांधलेला वाळा

हसू नका, पण माझं लग्न एका एअर क्लीनरमुळे जुळलं. मी जुनी मोटार घेतली होती. राजापेठेतल्या मिस्त्रीने इंजिनात जाणारी हवा गाळणारे दोन क्लीनर पुढे ठेवले, एक तेलाचा अन् एक लांब नळीचा. "हा समोरून थंडी हवा घेते," म्हणाला. मी नळीचा घेतला.

मुलगी पाहायला अकोटला निघालो, तर भर वैशाख. थंड हवा येणार कुठून? खिडकीला लावतात तसा ओला वाळा मी नळीच्या तोंडाला बांधला. अकोट दोन मैलांवर असताना गाडी बंद! वाळ्यावर धूळ बसून चिखल झाला होता, इंजिनाला हवाच मिळेना.

दोन तास उशिरा, काळ्या हातांनी पोचलो. मुलीचे वडील दारातच उभे. "कावून उशीर केला?"

मी खरं ते सांगितलं. ते आत पाहून ओरडले, "पोहे आना वं! जो इंजिनाले वाळा बांधते, तो आपल्या पोरीले गरमीत ठेवीन का?"

लग्न झालं. आता दर वैशाखात बायको घाम पुसत विचारते, "इंजिनाले बांधला, मंग आपल्या खिडकीले कावून नाही?"