दांडी ओढली की वर

मला पायलटसाहेब म्हणत जाऊ नका, पाया पडतो. निजामाच्या राज्यात हैदराबादला कॉलेजात विमान उडवायचा वर्ग होता, त्यात मी पास झालो, हे खरं. दांडी ओढली की विमान वर जातं, हे हातात पक्कं बसलं होतं. त्याच वर्षी सुट्टीत कुरुंद्याला घरी आलो, तर बाबा तापानं फणफणलेले. तेच त्यांचं शेवटचं आजारपण. गाडी हाकणारा सालदार लग्नाला गेलेला. मीच त्यांना बैलगाडीत निजवलं आणि वसमतच्या दवाखान्याकडं निघालो.

लहानपणापासून मामाकडं शिकलेलो, बैल कधी हाकलेच नव्हते. ओढ्याचा चढ आला तसा मी सवयीनं कासरा ओढला. बैल थांबले. आणखी जोरात ओढला, तर गाडी मागं पाण्यात उतरली.

"काहून ओढून राहिला? ढील दे त्यांना," बाबा पडल्या पडल्या म्हणाले. मला काही केल्या जमेना. शेवटी तेच कण्हत उठले, माझ्या हातून कासरा घेतला आणि वसमतपर्यंत गाडी त्यांनीच हाकली. मी मागं त्यांच्या वाकळेवर बसून होतो.

डॉक्टरनं विचारलं, "इतक्या तापात तुम्हाला आणलं कोणी?"

"पोरानं," बाबा म्हणाले. "इमान चालवतंय माझं पोरगं."