पुतळ्यांचे पाच तारे

कुकरच्या शिट्टीला दचकणारी मी, त्या दिवशी चक्क काकांना नडले! काकांनी नवी छोटी हायब्रिड गाडी घेतली होती. मुकुटबनला निघताना त्यांनी सीटबेल्टच्या पट्ट्याच्या खाचेत बाजारातली खोटी क्लिप खोचली, म्हणजे पट्टा न लावताही बीपबीप बंद.

मी गाडीची चावी काढून घेतली आणि खाली उतरले. "आधी पट्टा लावा."

"काहून वं? चाचणीत समोरून टक्कर मारून पाह्यली हिले. सुरक्षेचे पाच तारे भेटले!"

"त्या टकरीत आत माणसांऐवजी बसवलेल्या पुतळ्यांनीही पट्टे लावले होते, काका."

"म्हंजे मी पुतळ्याहून गेलो का?"

"पट्टा लावला की बरोबरीत याल!"

मागे बसलेली काकू फिस्सकन हसली. काकांनी क्लिप उपटून बाहेर भिरकावली आणि पट्टा ओढला. तो खटकन बसला, तशी मी दचकले.