सोमवारी पोट, बुधवारी खाज

(पॅराग्वेतल्या एका गावचा बसथांबा. सकाळ. औषधी पाला विकणाऱ्या म्हाताऱ्या सेफेरिनाबाई टेबलाशी उखळात पाला कुटतायत. बसमध्ये चढून चिपा, म्हणजे चीज घातलेली भाजलेली कडबोळी, विकणारी निमिया डोक्यावरची टोपली उतरवून समोर उभी आहे. तिच्या मागे पाल्याच्या गिऱ्हाइकांची रांग.)

निमिया : ...तर राजधानीतल्या डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच! म्हणाल्या, "कातडीचं नको, आधी पोटाचं बोल" असं तुला सांगितलं कोणी?

सेफेरिना : आणि तू माझं नाव घेतलंस? पालेवालीचं?

निमिया : मग काय लपवू? वर्षभर तीन डॉक्टरांची मलमं चोपडली कोपरांना. एकानं तरी विचारलं, बाई, पोट कसं आहे? रोग रेड्याला अन् औषध पखालीला!

सेफेरिना : अगं, मी कुठली वैद्य! सोमवारी तू पोटाचा पाला न्यायचीस, बुधवारी खाजेचा. दर आठवड्याला. उखळ माझं, हात माझे. लक्षात राहणारच.

निमिया : रोज शंभर माणसं येतात तुमच्याकडे, तेरेरेच्या गार काढ्यात घालायला पाला कुटून घ्यायला. इतक्यांत माझं सोमवार-बुधवार ध्यानात ठेवलंत!

सेफेरिना : पुरे गं. निघालं काय ते सांग.

निमिया : गहू.

सेफेरिना : गहू काय?

निमिया : गहू सोसत नाही माझ्या आतड्याला. आतडं चिडतं आणि राग काढतं कोपरांवर, गुडघ्यांवर. कातडीचा तुकडा तपासला, रक्त तपासलं. माझ्यापासून दुसऱ्या कोणाला लागत नाही हे, तशी चिठ्ठी लिहून दिलीय. रविवारी नणंदेकडे शेवया ओरपायच्या, की सोमवारी पोट, बुधवारी खाज.

सेफेरिना : पण दिवसभर तुझे हात तर चिपात. त्यात कसाव्याच्या कंदाचं पीठ, चीज, अंडी. गव्हाचा कण नाही.

निमिया : तेच तर! मला वाटलं, ज्यात हात तेच बाधतंय. चिपा तोंडात घालणं सोडलं आणि गव्हाचे कडक पाव चावत बसले, दोन्ही वेळा. खाज आणखीच वाढली.

सेफेरिना : पाव मीच खायला सांगितले होते.

निमिया : मावशी...

सेफेरिना : मीच. "पोट नाजूक झालंय, चिपा जड पडेल, पाव खा." सहा महिने. तू माझं कौतुक करतेयस, आणि मी तुला आजार चारत होते.

निमिया : आजाऱ्याला इथे सगळेच पाव देतात. चुकलात ते चारचौघांसारख्या, पण दिसलं ते एकट्या तुम्हाला. शेवटी खाजेचा पाला मागितला तर दिला नाहीत, वर झापलंत, राजधानीला जा म्हणालात. हातचं गिऱ्हाईक असं कोण घालवतं? मला फार अभिमान वाटतो तुमचा. घ्या, बोलून टाकलं.

सेफेरिना : बरं होणार कधी?

निमिया : गोळी दिलीय, खाज लवकर थांबेल. डाग जायला महिने लागतील. गहू मात्र जन्मभर बंद.

सेफेरिना : आणि तुझा मालक? कामावरून काढणार होता ना?

निमिया : चिठ्ठी दाखवली. म्हणतो, प्रवासी काय चिठ्ठी वाचून चिपा घेतात? आज टोपली रिकामी करून आण, नाहीतर उद्यापासून दुसरी चढेल बसमध्ये. चार गाड्या झाल्या, मावशी. लोक कोपरं बघतात आणि खिडकीबाहेर तोंड फिरवतात. एक चिपा खपला नाही.

सेफेरिना : बाह्या वर कर.

निमिया : इथे? केवढी रांग आहे मागे!

सेफेरिना : म्हणूनच म्हणते. कर वर. अजून. हं. आता एक चिपा काढ.

निमिया : थांबा, कागदात देते.

सेफेरिना : कागद नको.

निमिया : सगळे बघतायत.

सेफेरिना : बघू देत. माझे हात पाल्यानं बरबटलेत. तूच भरव.