जबड्याला तारा आन् रूपालीचं स्थळ

…आन् चार आठवडं म्हंजे काय खेळ हाय व्हय ओ? वरचं दात खालच्या दातांस्नी तारेनं आवळलेलं! सरका जरा, एस्टी निपाणीला पोचूस्तोवर सांगतो तुमास्नी. मी किशन, वडगावचा, साड्या विणतो पावरलूमवर. माग चालू ठेवून शेजाऱ्याला मान वळवून काय तरी समजावत हुतो, तेवढ्यात मागातला सूत नेणारा धोटा उडाला आन् बसला थेट जबड्यावर! दोन जागी मोडला. डॉक्टर म्हणालं, "पुढं प्लेट आन् स्क्रू बसवतो, पण कानाजवळबी चीर हाय, त्यासाठी तोंड बांधायचं." माझी बायको सुवर्णा, काय इचारावं तिनं? "जास्त दिवस बांधलं तर चालतंय काय हो?" बघा! मी काय म्हणणार? नुसतं हूं!

जेवण म्हंजे नळीनं आंबील. ओकारी आली तर तारा कापायला कटर दिलता, त्यो सुवर्णानं कमरंला खोचला, किल्ल्यांसंगट. हात पुढं केला की, "ओकारी आलीया? न्हाय न्हवं? मग बसा गप." हूं!

आन् अशात आमच्या लेकीला, रूपालीला बघायला बोरगावचं पावणं! ह्याआधी दोन स्थळं मोडलेली, तीबी माझ्यापायी, खोटं कशाला बोलू? पोराच्या आयेचा पदर चिमटीत धरून म्हटलं, "ही साडी हातमागाची म्हणून दिलीया व्हय? फसवलं तुमास्नी!" पावणं चहा टाकून उठलं. पोरगी दोन दिस जेवली न्हवती ओ... आन् ह्या बोरगावच्या पोरावर तर तिचा जीव!

विहीणबाई आल्या. अंगावर साडी... अरं देवा! काठ बघूनच वळखलं, माझ्याच मशीनवरची! आन् त्या सांगत्यात, "खास हातमागाची बरं का, तीन म्हैनं लागलं विणायला!" तीन म्हैनं? जीभ आत नाचतीया, दात हलंनात, डोळ्यांतनं घळाघळा पाणी! पोराच्या वडलांनी, मारुतीरावांनी, उठून मिठीच मारली मला, "लेक जाणार म्हणून बाप बघा कसा रडतोय! असली शांत माणसं कुठं मिळायची? फोडा सुपारी!" मी काय म्हणणार? हूं!

काल तारा काढल्या. हुश्श! सुटलो बाबा! पहिला सबुद काढणार, तर रूपालीनं हातच जोडलं, "आप्पा, लग्न म्हैन्यावर आलंय. अक्षता पडूस्तोवर घरात, गल्लीत, पावण्यांत एक अक्षर बोलू नगा, पाया पडते." हसत हुती ओ पोरगी, किती दिसांनी! लई बरं वाटलं. दिलं वचन.

हां, आली बघा निपाणी. उतरा सावकाश. मी? मी न्हाय उतरत. निपाणीत माझं काय काम न्हाय... म्हैन्याचा पास काढलाय.